चिंचोक्यांचा डबा : निपाणीच्या एका गल्लीतल्या ६६ दिवसांच्या नोंदी

२९ जून २०२५, रविवार

बाबांना जाऊन चार महिने झाले. आईचा दिवस वरवर पाहिला तर पूर्वीसारखाच चाललाय. रात्री भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळलेली तेंदूची पानं पहाटे सोडायची, पत्र्याचा फर्मा ठेवून कातरायची, मग मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायचं. चाळीस वर्षं हेच करत आलेले हात आहेत, ते चालतात. पण संध्याकाळी माल देऊन आली की ती भिंतीला टेकते आणि दिवाबत्ती राहून जाते. वाढू का विचारलं की "भूक न्हाई" एवढंच.

आज बचत गटाची बैठक आमच्याच सोप्यात होती. दहा बायका, सगळ्या एका गल्लीतल्या, त्यातल्या आठ जणी विड्या वळणाऱ्या. हप्ते गोळा झाले, सह्या-अंगठे झाले, मग मी विषय काढला. प्रत्येकीनं रोज एक छोटी गोष्ट करायची. दोन मिनिटांच्या वर वेळ खाणार नाही आणि जिवाला बरं वाटेल अशी. ६६ दिवस करून बघायचं. नोंद मी ठेवीन.

थोरल्या मावशी म्हणाल्या, "अगं, आनंदाला बी वही लागती व्हय आता?"

"वही मला लागते, मावशी. तुम्ही नुसतं करायचं."

६६ हा आकडा मी मनानं काढलेला नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे रोज एक नवी साधी गोष्ट करायला लावली होती. कुणी जेवणासोबत फळ खायचं, कुणी जेवणाआधी पळायचं. २०१० साली त्यांचा लेख आला. ती गोष्ट आपसूक व्हायला लागायला लागलेला मधला काळ ६६ दिवसांचा निघाला. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब आला. मला त्यातली सगळ्यांत धीर देणारी गोष्ट वेगळीच वाटली : एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता. बायकांना मी हेच आधी सांगितलं. चुकलं तर दंड नाही, का चुकलं म्हणून कुणी विचारायचं नाही.

५ जुलै, शनिवार

आठवडाभर घरोघरी फिरून प्रत्येकीची गोष्ट ठरवली. हे काम वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं, कारण प्रत्येकीला मोठं काहीतरी सुचतं. रोज तासभर पोथी, रोज तवंदी घाटापर्यंत चालणं, रोज सगळ्या घराला ताजी भाजी. मी कमी करा, अजून कमी करा म्हणत राहिले.

स्टॅनफर्डचे बी. जे. फॉग नवी सवय जुन्या सवयीला जोडायला सांगतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली तेच दुसऱ्या अंगानं मांडलं. 'मी व्यायाम करीन' असं नुसतं ठरवण्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' असं ठरवलं तर ते तडीस जाण्याची शक्यता बरीच वाढते. विडीच्या कामात असे 'अमुक झालं की' दिवसभर पडलेले आहेत. पानं भिजत घातली की. कातरून झाली की. शंभर विड्या म्हणजे चार कट्टे बांधून झाले की. आमच्या बायकांच्या दिवसाला घड्याळ नसलं तरी ताल पक्का आहे.

ठरलं ते असं. थोरल्या मावशींची बोटं सकाळी आखडलेली असतात, म्हणून पानं सोडण्याआधी कोमट पाण्यात हात घालून दहा वेळा मूठ उघडायची-मिटायची. चार जणींनी दर आठ कट्ट्यांनंतर, म्हणजे २०० विड्यांनंतर, सूप बाजूला ठेवून उंबऱ्यात उभं राहायचं ठरवलं. शिलाईवाल्या वहिनींनी मशीनवर झाकण घातलं की पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचायची. शेजारच्या अक्का कन्नड बोलणाऱ्या. त्यांनी दुपारी पाणी भरून झालं की गल्लीतल्या एका तरी दारात जाऊन "ऊट आयता?", म्हणजे जेवण झालं का, विचारायचं. कोपऱ्यावरच्या घरातली सून म्हणाली, "मला चा बसून प्यायचाय." कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीच्या आईनं आणि मी पहाटे चालायचं ठरवलं.

आईला दोनदा विचारलं, ती गप्प. तिसऱ्यांदा म्हणाली, "दिवा लावला की माझ्या भणीला फोन करीन." मावशी गडहिंग्लजला. अंतर काही फार नाही, पण जाणं-येणं कमी झालंय. आमच्याकडं कर्नाटकात राज्यातल्या राज्यात साध्या बसला बायकांना तिकीट नाही, पलीकडं महाराष्ट्राच्या एसटीत निम्मं. तरी दिवस मोडतो तो मोडतोच, आणि विडीची मजुरी हजार विड्यांमागं असते. बसलं नाही तर पैसे नाहीत.

सगळ्यांसाठी एक गोष्ट सामाईक. आमच्या दारात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ठेवला. संध्याकाळी जाता-येता त्यात एक चिंचोका टाकायचा आणि दिवसभरात घडलेली एक बरी गोष्ट तिथं जी कोण असेल तिला सांगायची. सगळ्या जणींना लिहिता येत नाही, पण चिंचोके सगळ्यांच्या घरात आहेत.

७ जुलै, सोमवार. दिवस १

काल आषाढी झाली, आज सुरुवात. पाऊस झडीचा. डब्यात सात चिंचोके. पहिला थोरल्या मावशींचा : "आज नळाला पाणी आलं तवा मी जागी हुते."

आईनं दिवा लावला. फोन लावला नाही.

१० जुलै, गुरुवार. दिवस ४

आईनं फोन लावला. "कोण बोलतंय?" "मी." "का गं, काय झालं?" मावशी घाबरलीच. आमच्याकडं फोन येतो तो कुणाचं काही बरं-वाईट झालं की. "काय न्हाई, दिवा लावला, म्हणून केला," एवढं बोलून आईनं ठेवून दिला. जेमतेम अर्धा मिनिट. वहीत बरोबरची खूण केली.

१६ जुलै, बुधवार. दिवस १०

चालणं बंद केलं. पाच दिवस गेलो, दोन दिवस पावसानं अडवलं, एकदा त्याच वेळी नळाला पाणी आलं. देवचंद कॉलेजकडच्या रस्त्यानं जायचो. निपाणीतून निघून पाच-दहा मिनिटांत अर्जुननगर लागतं आणि पाटी कन्नडची मराठी होते, म्हणजे राज्य बदलतं. मी तिथंच शिकले, त्यामुळं त्या रस्त्यावर पाय आपोआप पडतात. मला वाटलं होतं तेवढं पुरेल. पण पहाटेची वेळ बायकांची स्वतःची नसते. पाणी, डबे, पानं, म्हातारी माणसं, सगळ्यांचा तिच्यावर आधी हक्क. ज्या वेळेवर दुसऱ्या कुणाचा हक्क आहे तिथं सवय लावायला जाऊ नये. आता आम्ही दोघी संध्याकाळी माल द्यायला जाणाऱ्या बायकांबरोबर चालतो. तसंही त्या जातातच, आम्ही फक्त सोबत जातो.

१९ जुलै, शनिवार. दिवस १३

आज मुद्दाम सकाळी कोपऱ्यावरच्या घरी जाऊन बसले.

तिचा चहा पूर्वी कसा व्हायचा ते तिनंच सांगितलं. सगळ्यांना कप देऊन झाले की उरलेला ओतून ती ओट्यावर ठेवायची. मग पोराचा डबा, पोराचे बूट, सासूबाईंची गोळी, दारात दूधवाला. परत येईतो चहावर साय धरलेली. ती बोटानं बाजूला सारून उभ्यानं घटाघट प्यायची आणि कप तसाच धुऊन टाकायची. लग्नाला नऊ वर्षं झाली, नऊ वर्षांत आपण चहा गरम प्यालो का, ते तिला आठवत नव्हतं.

आता कपात चहा ओतला की ती पायानं पाट ओढते आणि चुलीच्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून बसते. पहिल्या दिवशी सासूबाईंनी आत डोकावून विचारलं, "बरं न्हाई का काय गं?" बाईमाणूस सकाळी बसलं म्हणजे आजारी, दुसरं कारण असू शकत नाही. दुसऱ्या दिवशी पोरगं येऊन मांडीत बसलं. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला सांगितलं, "चा संपंस्तर थांब." आणि ते थांबलं!

मी बसले होते तेव्हा ती काहीच बोलली नाही. कपाला दोन्ही हात लावलेले, डोळे दाराबाहेरच्या पागोळ्यांवर. तीन मिनिटंही झाली नसतील. कप खाली ठेवताना मात्र तिनं एवढा मोठा श्वास सोडला की मलाच मोकळं वाटलं. मग उठून आधीच्याच वेगानं कामाला लागली. काम एक तसूभर कमी झालेलं नाही. तिच्या दिवसात तिची स्वतःची म्हणून एक जागा मात्र झाली.

२७ जुलै, रविवार. दिवस २१

कॉलेजातली मुलगी म्हणाली, "ताई, एकवीस दिवस झाले, म्हणजे सवय लागली." हे एकवीस दिवसांचं सगळीकडं सांगतात. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडं आहे. १९६० साली त्यांनी आपल्या रुग्णांबद्दल लिहिलं होतं की बदललेला चेहरा आरशात आपलासा वाटायला निदान एकवीस दिवस लागतात. पुढं लोकांनी 'निदान' गाळलं, चेहरा गाळला आणि सवयीचा नियम करून टाकला. हे आज बैठकीत सांगावंच लागलं, कारण दोघी-तिघी नाराज होत्या : एकवीस झाले तरी अजून आठवण करावी लागते, म्हणजे आपल्यातच खोट. आपल्यात खोट आहे असं वाटून जे सोडून देतात ते आकड्यापायी सोडतात. तसं कुणी सोडू नये.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

आज नोंद थोडी, कारण सगळ्या जणी अंगणात होत्या. दिंड झाले, फेर झाला, झिम्मा झाला. थोरल्या मावशींनी सत्तरीत फुगडी घातली आणि धापा टाकत पायरीवर बसल्या. बायकांनी वळता वळता ओव्या म्हणायचं गेली काही वर्षं बंदच झालं होतं, प्रत्येकीच्या घरात मालिका लावलेली असते. आज मावशींनी जुन्या चालीवर एक नवी जुळवली :

पावसाची झड माझ्या दारी उभी राही
सूप मांडीवर माझं गानं थांबत न्हाई

डब्यात आज मोजून दहा.

४ ऑगस्ट, सोमवार. दिवस २९

एक चूक सापडली, ती माझीच होती.

चिंचोके पडतायत, पण सांगणं पोपटासारखं झालंय. "पोरगं शाळेला गेलं, बरं झालं." "जेवण झालं, बरं झालं." काल एकीनं चिंचोका टाकला आणि काही न बोलता निघून गेली. मला वाईट वाटलं. रात्री वाचायला बसले.

मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांचा २००५ सालचा प्रयोग मी आधीच वाचला होता. आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या ते लिहायचं, त्यानं पुढं सहा महिन्यांपर्यंत बरं वाटण्यात फरक दिसला होता. 'का घडल्या' हा भाग मी सोडूनच दिला होता. आणि सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्याकडचं एक निरीक्षण माझ्या नजरेतून निसटलं होतं : सहा आठवडे आठवड्यातून एकदा चांगल्या गोष्टी मोजणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा मोजणाऱ्यांचं वाढलं नाही. रोज गोड खाल्लं की जिभेला गोड लागेनासं होतं, तसंच हे असावं.

तेव्हा डबा आता फक्त रविवारी उघडायचा. त्या दिवशी सोप्यात बसून एकच गोष्ट सांगायची, पण सविस्तर, आणि ती कुणामुळं घडली तेही सांगायचं. पहिल्या २८ दिवसांचे चिंचोके मोजले : २१४. सगळ्या जणींनी रोज टाकले असते तर २८० झाले असते.

१० ऑगस्ट, रविवार. दिवस ३५

नव्या पद्धतीनं पहिली बैठक. दीड तास चालली. अक्कांनी कन्नड-मराठी मिसळून सांगितलं की 'ऊट आयता' विचारत फिरताना त्यांना कळलं, गल्लीत दोन म्हाताऱ्या दुपारी जेवतच नाहीत. एकटीसाठी काय करायचं म्हणून. आता त्या दोघी एकीच्या घरी भाकरी आणि दुसरीच्या घरी आमटी करून एकत्र बसतात. मी काहीच सुचवलं नव्हतं. विचारायला एक माणूस दारात आलं, पुढचं आपोआप झालं.

आई पहिल्यांदा बोलली. "भणीनं काल आपन हून फोन केला. मी दिवा लावायच्या आधी."

१२ ऑगस्ट, मंगळवार. दिवस ३७

आज संध्याकाळी सगळ्यांची तोंडं उतरलेली. माल तपासणाऱ्यानं छाट काढली. आईचे दोन कट्टे, दुसरीचे पाच, तिसरीचे चार. छाटलेल्या विडीची मजुरी नाही आणि विडी परतही मिळत नाही. पान पावसाळी, त्यांनीच दिलेलं, डाग पडलेलं. वळणारीनं काय करायचं?

एकीनं मला विचारलं, "ह्यात काय बरं सांगू, ताई?"

मी म्हटलं, काही सांगू नका. आज डब्याकडं बघूही नका.

रात्रभर मला ह्याच विचारानं झोप नव्हती. आनंदाच्या सवयी शिकवता शिकवता अन्याय गोड मानून घ्यायची सवय लावली तर ह्या सगळ्या खटाटोपाचं पाप माझ्या माथी. बळ येतं म्हणजे सोसायची ताकद वाढते एवढंच नसावं. उठून विचारायचीही ताकद यावी.

सकाळी नवी गोष्ट ठरवली, तीही दोन मिनिटांचीच. माल देऊन आलं की दारात थांबून किती दिल्या, किती छाटल्या, कारण काय सांगितलं, ते वहीत मांडायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मी किंवा कॉलेजातली मुलगी मांडणार. विडी आणि सिगार कामगारांसाठी तेव्हा १९६६ चा कायदा होता आणि घरात बसून वळणाऱ्या बायकाही त्यात येत होत्या. तो कागद काढून ठेवला. पण कायद्याचं बोट धरायला आधी हातात तारखा आणि आकडे हवेत.

थोरल्या मावशींना १९८१ आठवलं. तंबाखूच्या दरासाठी शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले होते, शरद जोशींचं आंदोलन. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. मावशी तेव्हा नव्यानं नांदायला आलेल्या. त्या भाषणाबिषणाचं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "रोज सकाळी भाकऱ्या बडवायच्या आन् रस्त्यावर पोचवायच्या. आज न्हाई जमत, असं कुनी म्हनलं न्हाई."

१७ ऑगस्ट, रविवार. दिवस ४२

शिलाईवाल्या वहिनी आज आल्या नाहीत. चार दिवस मशीनचा आवाज नाही, हे अक्कांच्या लक्षात आलं, माझ्या नाही. वहिनींच्या परवानगीनं ही नोंद लिहिते, कारण असाच प्रयत्न करणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल.

त्या अंधारात बसलेल्या होत्या. म्हणाल्या, दोन महिने झोप नाही, अन्न गोड लागत नाही, सकाळ झाली की कशाला उठायचं असं वाटतं. "तुमी सांगितलेली बातमी बी वाचली न्हाई. मला एवढं बी जमंना." ह्या शेवटच्या वाक्यानं माझ्या पोटात कालवलं. आधार म्हणून दिलेल्या गोष्टीचं त्यांच्या डोक्यावर ओझं झालं होतं.

दोन-दोन महिने असं चाललं असेल तर तो आजार आहे. त्याला डॉक्टर लागतो, चिंचोके पुरत नाहीत. शेजारी बसून १४४१६ लावला. टेली-मानस, मानसिक आरोग्यासाठी फोनवरची केंद्र सरकारची मोफत सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचं तिच्यामागं मार्गदर्शन आहे. पलीकडची बाई घाई न करता बोलली. जीव द्यावासा वाटतो का, हेही तिनं सरळ विचारलं, आणि वहिनींनी सरळ उत्तर दिलं. मला वाटायचं असं विचारलं तर माणूस बिथरेल. उलट वहिनींचे खांदे सैल पडले.

दोन दिवसांनी सरकारी दवाखान्यात घेऊन जायचं ठरलं. त्यांची खूण करायची रकाना-पट्टी मी वहीतून काढून टाकली. अक्का रोज दुपारी त्यांच्या दारात मात्र जाणार. तिथं खूण नाही, मोजणी नाही. नुसतं "ऊट आयता?"

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी. दिवस ५२

आठवडाभर बहुतेक जणींचं सगळं मोडलं. झाडलोट, रंग, आरास, मोदक, माहेरवाशिणी. उंबऱ्यात उभं राहणं बंद, मुठी बंद. चहावाली मात्र बसते! म्हणाली, "सासूबाईच पाट टाकत्यात आता. दोन."

वहिनींचं औषध सुरू होऊन आठ दिवस झाले. झोप थोडी लागते.

१ सप्टेंबर, सोमवार. दिवस ५७

गौरी जेवल्या. रात्री उशिरापर्यंत अंगणात गाणी. मावशी गडहिंग्लजहून मुलाच्या गाडीवर बसून आली, तिचं घर सोडून गौरीला कधी आली नव्हती. दोघी बहिणी शेजारी शेजारी बसून रात्री पानं भिजवत होत्या. मावशीच्या हाताला ह्या कामाची सवय नाही, पानं उलटी-सुलटी पडत होती. आई तिला रागावत होती आणि मध्येच हसत होती. फेब्रुवारीपासून मी तो आवाज ऐकला नव्हता.

४ सप्टेंबर, गुरुवार. दिवस ६०

छाटीच्या तीन आठवड्यांच्या नोंदी घेऊन सहा जणी गेल्या. मी गेले नाही, मुद्दामच. त्यांच्या तोंडून जावं म्हणून. आरडाओरडा नाही, वही उघडून समोर ठेवली. आता छाट काढायची तर बाईसमोर विडी उघडून दोष दाखवायचा, एवढं कबूल झालं. पानाच्या डागाचं अजून लटकलंय. नोंद चालू ठेवणार.

मोडलेल्या गोष्टी पाच जणींच्या आपोआप परत सुरू झाल्या. मी कुणाला आठवण केली नाही. सूप मांडीवर आलं, आठ कट्टे झाले, बायका उठून उंबऱ्यात आल्या. सवय घरातून गेली नव्हती, सणाला गेलेल्या पाहुणीसारखी परत आली.

हवाईच्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशकं पाठपुरावा केला होता. गरिबी, घरातली भांडणं, आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश मुलं पुढं चांगली उभी राहिली. त्यांच्यात वारंवार दिसलेली गोष्ट म्हणजे जीव लावणारं निदान एक माणूस : आजी, शिक्षक, शेजारी. दोन महिन्यांपूर्वी हे वाचलं तेव्हा मी ते सवयींच्या यादीत धरलं नव्हतं. आता वही चाळताना दिसतं की टिकलेल्या बहुतेक गोष्टींत दुसरं माणूस आहे. फोनच्या पलीकडं, पाटावर शेजारी, दारात. एकटीनं करायच्या गोष्टींत फक्त थोरल्या मावशींच्या मुठी टिकल्या.

१० सप्टेंबर, बुधवार. दिवस ६६

मोजणी. दहापैकी सहा जणी म्हणतात, आता आठवण करावी लागत नाही. दोघींना अजून लागते, त्या पुढं चालू ठेवणार. एक मधूनच थांबली, तिला नको होतं, तेही ठीक. वहिनी औषधावर आहेत. काल दुपारी मशीन चालल्याचा आवाज आला, अर्धा तास.

रविवारचे चिंचोके ४३. पहिले धरून २५७.

आईनं ६६ पैकी ५७ दिवस फोन केला. चुकलेल्या नऊपैकी चार दिवस मावशी इथंच होती, मग फोन कुणाला करणार?

उंबऱ्यात उभं राहण्यानं काम मागं पडेल अशी भीती होती, तेही बघितलं. हजार विड्यांमागं पाच वेळा उठणं, प्रत्येकी मिनिटभर. पाच मिनिटं. चौघींपैकी कुणाचाच आकडा कमी झालेला नाही. एकीची मान संध्याकाळी पूर्वीइतकी धरत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

मागच्या गल्लीतल्या दोघी आल्या होत्या, त्यांच्याकडंही हे करायचंय. वही मागत होत्या. मी म्हटलं वही नंतर, आधी दहा घरं फिरून कुणाचा दिवस कसा जातो ते ऐका. कशाला काय जोडता येईल ते त्यातूनच कळेल.

मी बोलत असताना आई आत गेली. फळीवरचा दुसरा डबा काढून, घासून, पुसून घेऊन आली. त्यातल्या एकीच्या हातात देताना म्हणाली, "झाकन घट्ट बसतंय का बघ आधी. पावसाळ्याचं चिंचोक्याला किडं लागत्यात."